सात दवाखान्यांचं सलाइन

"हिलालभाऊ, बाटली लाव ना लवकर! यास्ना हातपाय थंडगार पडनात."

ओरडणाऱ्या कलाबाईच्या नवऱ्याला कापडाच्या लूमवरून, कामावरूनच उचलून आणलं होतं. सकाळपासून त्याचे जुलाब थांबत नव्हते. हिलालने सलाइनची बाटली उजेडाकडे धरली आणि तशीच खाली ठेवली. आत कापसाच्या तंतूसारखं काहीतरी हललं होतं. दुसरी बाटली त्याने उलटी करून नीट पाहिली. ती स्वच्छ होती. ती लावून तो चंद्रकांत डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, बुरशी आहे. या खेपेच्या सगळ्या बाटल्या मी पाहिल्या नव्हत्या."

लिंबायत-गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतले सात डॉक्टर पूर्वी दोन-दोन बाटल्या बाजारातून आणत. मोठ्या इस्पितळांना देऊन उरलेला जुना माल दुकानदार त्यांच्या माथी मारत. चंद्रकांत डॉक्टरांच्या या कंपाउंडरने दोन वर्षं सायकल हाणून सातही जणांना राजी केलं: मुंबईहून एकत्र खोकी मागवायची आणि इथे वाटून घ्यायची. वाटण्याआधी प्रत्येक बाटली काळ्या पाटीपुढे उलटी धरून दहा मोजेपर्यंत आत पाहत राहायचं, हा नियमही त्याचाच. पण १९७१ च्या त्या श्रावणात गॅस्ट्रोची साथ होती आणि सातही दारांत माणसं खोळंबली होती. त्याने प्रत्येक खोक्यातला फक्त वरचा थर पाहिला होता.

"बाकीच्यांना वाटलेल्या बाटल्या काहीतरी निमित्त सांगून परत आण," डॉक्टर म्हणाले. "खरं कळलं तर मंडळी फुटतील."

"फुटू द्या साहेब. निमित्त सांगत बसलो तर तोवर कुणीतरी लावेल."

सहाही दवाखान्यांत त्याने एकच सांगितलं, "बाटल्या परत द्या, चूक माझी आहे." शैलजा डॉक्टरांकडे पोचला तेव्हा खाटेवरच्या बाईला हुडहुडी भरली होती.

"काढलीय मी बाटली," शैलजाबाई तुटकपणे म्हणाल्या. "शिव्या कुणाला घालू, कंपनीला की तुला?"

"मला घाला बाई. कंपनी लांब आहे."

ती बाई वाचली. रविवारी सातही डॉक्टर जमले आणि चहा संपायच्या आत ठरलं, यापुढे ज्याचं त्याने आणावं. पाटी हिलालने स्वतःच भिंतीवरून उतरवली.

पंधरा दिवसांनी शैलजाबाईंची नर्स सरलाबाई बाजारातल्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आली.

"बाई म्हणाल्या, हिलालने पाहिल्याशिवाय लावायच्या नाहीत."

हिलालने कपाटामागून पाटी काढली, पुसली आणि खिडकीत टेकवली. पहिली बाटली उलटी धरली.

"स्वच्छ तर दिसतेय," सरलाबाई म्हणाल्या.

"थांबा ना बाई," तो नजर न काढता म्हणाला. "आत्ता कुठे सहा झाले."