चुनीलाल नावाची प्रोसेस

शहाद्यात दीपचंद शेठच्या केळी पिकवायच्या चार खोल्या आहेत. त्यांचा गारवा सांभाळणाऱ्या चार स्क्रिप्ट माझ्या. कॉम्प्युटरवर चालू प्रोग्रामांच्या, म्हणजे प्रोसेसच्या, यादीत चारही नुसत्या 'पायथन' म्हणून दिसायच्या. कोणती कुठल्या खोलीची, अल्ला जाणे. म्हणून मी प्रत्येकीत एक ओळ टाकली: सुरू होताना स्वतःचं नाव घे. आता नाव काय द्यायचं? शेठकडे खोल्यांना नंबर आहेत, पण नंबराने कोणी बोलत नाही. ज्याचा माल आत, त्याची खोली. मीही तीच नावं दिली आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

जैनांच्या संवत्सरीच्या दिवशी पेढी बंद होती, मजुरांना सुट्टी. डोंगरातल्या काठी गावच्या शाळेतले कॉम्प्युटर बघायला मी बसमध्ये बसलो होतो. तेवढ्यात शेठची सून जिनल हिचा फोन आला.

"अनीसभाई, व्याख्यानले जातां जातां डोकावनू. चुनीलाल काकानी खोली बारावर उनी, अजून गार व्हई ऱ्हायनी."

केळं तेरा अंशांच्या खाली फार वेळ राहिलं की सालीचा रंग मरतो, मग ते कोणी हातात धरत नाही. आत चुनीलाल पाटलांची तीनशे खोकी होती. पहिल्यांदाच त्यांच्या शेताचं नाव छापलेली, इंदूरला जाणारी.

"यादीमां चुनीलाल नाव दिसस का?"

"दिसस."

"ते बंद कर. मशीन आपोआप थांबी."

"करं. पन आकडा खालेच जाई ऱ्हायना."

"वर येवाले दोन तास लागतस. तू जाय व्याख्यानले." वर हसलोही.

घाट लागला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्क्रिप्ट नाव घेते ती सुरू होताना. माल पाचव्या-सहाव्या दिवशी बदलतो, स्क्रिप्ट मात्र महिनाभर चालूच असते. मी त्या सुरू केल्या तेव्हा चुनीलालांचा माल एक नंबरात होता. आज तो तीन नंबरात, आणि एक नंबर रिकामी. जिनलने माझ्या सांगण्यावरून रिकाम्या खोलीचं मशीन थांबवलं होतं. तीन नंबर गारठत होती, महिन्यापूर्वी तिथे ज्याचा माल होता त्या रूपचंदच्या नावाने. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

फोनला रेंज नव्हती.

"मोलगीपर्यंत टावर नही, भाऊ," कंडक्टर म्हणाला.

उतरून तरी काय करणार होतो? दोन्ही बाजूंना डोंगर, परतीची गाडी दुपारी. मोलगीला एक काडी रेंज आली. जिनलचा फोन बंद. शेठचा बंद. साधूंच्या व्याख्यानात ते फोन बंदच ठेवतात, हे मला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. तरी चौदा वेळा लावला. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

संध्याकाळी शहाद्याला परत पोहोचलो तेव्हा खोली चार अंशांवर होती.

दोन दिवसांनी चुनीलालकाका आले. खोकी उघडली. केळी पिवळी व्हायच्या ऐवजी राखाडी पडली होती. मी सगळं सांगितलं, नावाची ओळ, माझी चूक, काही लपवलं नाही. मग एक फणी हातात घेऊन त्यांनी मला कॉम्प्युटरजवळ नेलं.

"तू हुशार शे, अनीस. याच्यावर काही करीसन मांगे नेता येस का हाई?"

मला 'नही' म्हणायला दोनदा तोंड उघडावं लागलं.