दोरीबाहेरच्या ओंब्या

दादाने चौथी खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा चौकोन पक्का केला.

"अख्ख्या रानात हीच जागा सापडली का रे तुला?" धाकटी बहीण बांधावरून म्हणाली. "तिकडे बघ, गहू कसा छातीला लागतोय!"

"जागा मी नाही निवडत. चिठ्ठी निघते."

"बावीस वर्षं हेच ऐकतेय. सख्ख्या बहिणीच्या शेतात तरी जरा माणसासारखा वाग."

असे चारशे चौकोन देशभर कापले जात आणि त्यांच्या वजनांवरून यंदा गहू किती होणार, याचा अंदाज बांधला जाई. शेवटच्या पंधरवड्यातल्या उन्हाने तो अंदाज रोज खाली येत होता. माप कुठेच सात किलोंवर जाईना. बहिणीने मात्र उन्हात तगलेल्या ओंब्या वेचून वेचून नऊ वर्षांत स्वतःचं बियाणं तयार केलं होतं. या चौकोनात दहा किलो भरले, तर पुढच्या हंगामात ते देशभर पेरलं जाणार होतं. कमी भरले, तर नाही.

वाऱ्याने बाहेरची गव्हाची ताटं दोरीवरून आत कलली होती. नियम साधा होता. मूळ बाहेर, तर ओंबीही बाहेर. कापणीआधी ती बाजूला सारायचं काम दादाचं. तपासणीच्या बाई दूर गाडीजवळ काटा जुळवत होत्या.

दादाने विळ्याची धार पाहिली. पुन्हा पाहिली. मग म्हणाला,

"पाणी पिऊन येतो. तू लाग कापायला."

दोरी ताणल्यावर तिच्याकडे पाठ करायची नाही, हा त्याचा बावीस वर्षांचा नेम होता.

तो परतला तेव्हा विळा तसाच पडला होता. बहीण गुडघ्यांवर बसून एकेक ताट मुळापर्यंत चाचपत होती, दोरीबाहेर सारत होती. तीन बाजू झाल्या होत्या.

"राहू दे ना गं," तो हळूच म्हणाला.

"एवढं ऊन सोसलं रे याने. आता मी कशाला खोटं पाडू याला?"

तो खाली बसला. चौथी बाजू दोघांनी मिळून केली.

कापून, मळून, पाखडून झालं. काट्यावर नऊ किलो आठशे भरले. बाईंनी पुन्हा तोलून पाहिलं.

"यंदाचं सगळ्यात जास्त माप आहे हे," त्या म्हणाल्या. मग आकडा लिहून त्यांनी कागद सहीसाठी पुढे केला.

दादाचं पेन कागदावर टेकलं, पण हलेना. वाऱ्याने कागद फडफडू लागला, तसा बहिणीने तो तळहाताने दाबून धरला.

"कर सही, दादा. अजून अख्खं रान वेचायचंय मला."