फटाकडीकडे पाठ

आमच्या पक्षीमंडळाचे नियम दोनच. वर्षभरात गावाच्या हद्दीत डोळ्यांनी पाहिलेलाच पक्षी यादीत धरायचा, नुसत्या आवाजावर भागत नाही. आणि पक्षी दुर्मीळ असेल तर तो दोघांनी पाहिलेला हवा. या दुसऱ्या नियमापायीच दादा मला बरोबर नेतो.

यंदा दादाची आणि माझी यादी बरोबरीत होती. शरदातले पाहुणे उतरायला लागले तसा जलशुद्धीकरण केंद्रामागच्या तळ्यात मला फटाकडीचा आवाज आला. मुठीएवढा पक्षी. रात्री उडत दूरवरून येतो आणि पुढच्या प्रवासासाठी लव्हाळ्यात दडून अंगावर चरबी धरतो. मी पहाटेपासून चिखलाच्या कडेला स्टुलावर बसले होते. पाती बुंध्याशी हलत होती आणि ती हालचाल हळूहळू मोकळ्याकडे सरकत होती.

तेवढ्यात दादा बूट आपटत आला.

"काय गं, तपश्चर्या संपली नाही अजून?"

"हळू बोल. येतेय ती."

"येतेय येतेय करत वर्ष संपेल. थांब, बोलावतोच तिला."

त्याने खिशातून छोटा स्पीकर काढला.

"दादा, नको. तिला वाटेल दुसरी कुणी जागा बळकावायला आलीय. खाणं सोडून भांडायला धावेल."

"धावू दे की! त्यासाठीच तर आणलाय."

"गेल्या वर्षी जिंकलास तेव्हाही असंच केलंस?"

"तू ना, अगदीच पुस्तकी."

त्याने बटण दाबलं. लव्हाळ्यातून लगेच उत्तर आलं, चिडलेलं, घाबरलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, स्टूल फिरवलं आणि केंद्राच्या भिंतीकडे तोंड करून बसले.

"अगं, बाहेर आली! पूर्ण उघड्यावर!"

भिंतीवर एक गंजका पाइप होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. मान वळवायची ती कितीशी! आणि मला ती फटाकडी दादापेक्षा जास्त हवी होती.

"वेडी आहेस का? तुझीही हुकेल!"

"हुकू दे."

"लाल डोळा दिसतोय गं. वळ ना, माझी आई!"

"दिसू दे."

मागे चिखलात बूट रुतल्याचे आवाज आले, मग पंखांची फडफड. स्पीकर बंद झाला.

"गेली," दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तूही पाहिलीस म्हणून मंडळात सांगशील ना?"

"मी भिंत पाहिली. तेच सांगेन. आणि तू हा डबा वाजवलास, तेही."

"सख्ख्या भावाचं नाव घेशील?"

"सख्खा आहेस म्हणून आधी तुला सांगतेय. बाकीच्यांना रात्री."

तो तणतणत निघून गेला. मी स्टूल पुन्हा तळ्याकडे वळवलं. अंधार पडेपर्यंत बसले. एक पातं हललं नाही, आवाज आला नाही. चिखलात तिच्या लांब बोटांचे ठसे होते, लव्हाळ्यातून धावत उघड्यावर आलेले, आणि त्यांच्यावर दादाच्या बुटांचे.