अकरा अंडी आणि माझी मूठभर स्मृती

मी एक जुना मायक्रोकंट्रोलर आहे, मित्रांनो. म्हणजे नखाएवढा संगणक! कारखान्यातून निघालो तो थेट कपडे धुण्याच्या यंत्रात जाऊन बसलो. नऊ वर्षं इमानेइतबारे फेरे मोजले. यंत्र भंगारात निघालं, तेव्हा एका मावशीनं मला अलगद सोडवून टेबलाच्या खणात ठेवलं. तिथे मी किती दिवस पडून होतो, देव जाणे!

एके दिवशी तिची भाची रडवेली होऊन आली. कोंबडी अकरा अंड्यांवरून पहिल्याच दिवशी उठली होती आणि काही केल्या परत बसेना.

"मावशी, काहीतरी कर ना गं! गार पडतील ती!"

झालं! एक पेटी, एक दिवा, एक तापमापक आणि मधोमध मी! आजोबा हसले, "कोंबडी कंटाळली म्हणून आता या डबीला बसवताय होय?"

मावशीनं मला फंक्शनल, म्हणजे गणितातल्या सूत्रांसारख्या भाषेत काम शिकवलं. तापमान आलं की उत्तर द्यायचं: साडेसदतीस अंशांच्या खाली असेल तर दिवा लावा, वर गेलं तर विझवा. त्याच आकड्याला दरवेळी तेच उत्तर. जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहायचा. किती स्वच्छ काम! मी हरखून गेलो.

पण मावशीला सवय मोठ्या संगणकांची. सकाळपासूनचे सगळे आकडे तिनं मला यादीत जपायला लावले. माझी स्मृती ती केवढी! दुपारी ती काठोकाठ भरली आणि मी थिजलो. दिवा जळतच राहिला.

भाची शेजारीच गृहपाठ करत होती. तिचा हात सहज पेटीला लागला.

"मावशी, चटका बसतोय!"

मावशीनं धावत येऊन वायर काढली, झाकण उघडलं. "चूक माझीच गं. एवढं ओझं याला झेपणार होतं का?" मग तिनं यादीच काढून टाकली. आता फक्त ताजा आकडा धरायचा, काम झालं की सोडून द्यायचा. मी कसा हलका झालो!

एकविसाव्या सकाळी टक् असा आवाज आला. एका अंड्याला तडा! मग दुसऱ्याला! अकरापैकी आठ पिल्लं निघाली, मित्रांनो! भाची नाचत सुटली. आजोबा पेटीवर वाकून म्हणाले, "डबीबाई, जिंकलात बुवा!"

तुमच्या खणातही माझे भाऊबंद पडले असतील. त्यांना बाहेर काढा, कामाला लावा. फक्त ओझं देण्याआधी त्यांची मूठ केवढी ते बघा. पहिलं ओलं पिल्लू दिव्याखाली थरथरत उभं राहिलं, तेव्हा माझ्या मुठीत एकच आकडा होता, साडेसदतीस. तेवढा पुरला.