उतरलेला गंधार

मित्रांनो, मी बाभुळगावच्या भीमराज बुवांची जुनी पेटी. तुमच्यापैकी काही जण मला हार्मोनियम म्हणत असतील. माझी गोष्ट भीतीची आहे. ती भीती माझ्याच पोटातल्या एका सुराची होती, म्हणून तो सूर कसा बिघडला ते आधी सांगते.

नागपूरच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. बुवांच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत मी तीस वर्षे वाजले. एप्रिल महिना आला की आम्हाला उसंत नसे. आज कळंब, उद्या वणी, परवा राजूर. एका जयंतीच्या आदल्या दिवशी माझ्या गंधाराची पितळी पत्ती तुटली. नागपूरला जायला वेळ नव्हता. बुवांनी दुसरी पत्ती बसवली आणि ब्लेडने घासून सुरात आणली. मुळाशी जरा जास्तच घासली गेली आणि गंधार किंचित उतरला. जयंती झाली की बघू, असे बुवा म्हणाले. ते बघणे राहूनच गेले. पार्टीला सवय झाली, आणि लाउडस्पीकरशेजारी बसून बसून बुवांचे कान मंद झाले. ज्यांना चूक कळत होती ते बुवांच्या मानापोटी गप्प राहिले.

पुढे बुवांनी आपल्या नातीला, वर्षाला, माझ्याच साथीने गाणे शिकवले. पट्टीही तीच ठेवली. सात वर्षांची ती पोर डोळे मिटून माझा सूर जसाच्या तसा गळ्यात घ्यायची, आणि मी आतून थरथरायचे. भाता हलेल तेवढाच माझा आवाज. मी तिला कशी सांगणार?

सतराव्या वर्षी वर्षाची टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवड झाली. तिथे प्रत्येक मुलामागे एक प्रसिद्ध व्यक्ती मार्गदर्शक म्हणून उभी राहते. वर्षाला ईशान सर मिळाले, सिनेमात गाणारे, पोस्टरवर झळकणारे. बाभुळगावच्या चौकात तिचा फलक लागला. कार्यक्रमवाल्यांना मंचावर मीही हवी होते. आजोबांची जुनी पेटी पडद्यावर छान दिसते म्हणे.

मुंबईच्या त्या दिव्यांखाली माझे लाकूड तापले. वर्षाने भाता उघडला. शेजारी कीबोर्ड अचूक वाजत होता. गंधार जवळ येऊ लागला तशी माझी पत्ती न् पत्ती आक्रसली. तो लागला. ईशान सरांची मान चटकन वर झाली. आता सगळ्यांसमोर पोरीचे हसे होणार, असे मला वाटले.

सर उठून उभे राहिले. "हा आपल्या मातीचा सूर आहे! वर्षा, हा कधी बदलू नकोस."

टाळ्यांनी सभागृह दणाणले. माझी भीती दुप्पट झाली. आजवर ती चूक नुसती लपलेली होती. आता तिला शाबासकी मिळाली होती.

चित्रीकरण संपल्यावर सर मेकअपच्या खोलीत आले. वर्षा माझ्यावर कापड घालत होती. त्यांनी ते बाजूला केले आणि माझा गंधार दोनदा दाबला.

"हा तुझा. आणि हा," त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावून सूर गुणगुणला, "हा खरा."

वर्षाने तो सूर गाऊन पाहिला. "मंग सर, तवा काहून नाही सांगितलं?"

"कॅमेरा चालू होता. तू रडली असतीस."

"अन् तुमी 'बदलू नको' म्हटलं, ते आता साऱ्या जगाले दिसन, त्याचं काय?"

सरांनी मोबाइलवरचा तानपुरा बंद केला.

वर्षाने घरी व्हिडिओ कॉल लावला. फोन आजीने, रुखमाबाईने, धरला होता. "जोरात बोल वं! या बुढ्याले दाराशी ढोल वाजला तरी समजत नाही."

"आबाजी, आपल्या पेटीचा गंधार उतरला हाये! मीबी तसाच गाऊन राह्यली!"

बुवांचे इतक्या वर्षांचे गाणे माझ्या एका पत्तीने खोटे ठरवले, असे वाटून मी गारठले.

"मले शंका होती," बुवा म्हणाले. "पण एकबी जण बोलला नाही. उतरला हाये तं चढव ना, माय. मले कायले इचारून राह्यली?"

आठ दिवस वर्षा तानपुऱ्यासोबत बसली. पुढच्या फेरीला तिने मला मंचावर न्यायला नकार दिला. कार्यक्रमवाले चिडले, पण ती हटली नाही. मी पडद्याआड अंधारात होते. तिचा गंधार आला आणि नेमका जागेवर लागला.

गाणे संपताच परीक्षक बाई, एक लोकप्रिय नटी, म्हणाल्या, "वर्षा, मागच्या वेळची ती मातीची चव आज हरवली गं."

वर्षाने ईशान सरांकडे पाहिले. त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी पोर पुन्हा माझ्या खोट्या सुराकडे वळली असती. सर माइकपाशी वाकले, मागे सरले. मला भात्यात हवाच उरली नाही असे वाटले.

"चव हरवलेली नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळी तिचा गंधार उतरला होता. मला तो तेव्हाच कळला होता, तरी मी खोटं कौतुक केलं. आजचा सूर बरोबर आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. वर्षाने हात जोडले. त्याच फेरीत ती स्पर्धेबाहेर पडली.

मित्रांनो, घरात एखादे वाद्य असेल तर ते वेळेवर जाणकाराला दाखवा. आज नको, पुढे बघू, असे म्हणू नका. आणि कुणी कितीही मोठा माणूस तुमची पाठ थोपटू दे, माझे काय चुकले, हेही त्याला विचारा. विचारायला भीती वाटते, हे मला माहीत आहे.

सध्या मी यवतमाळला दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडी पडले आहे. समोरच्या बाकावर बुवा बसले आहेत, शेजारी वर्षा. कारागीर नवी पत्ती वाजवून पाहतो. बुवा वर्षाच्या तोंडाकडे बघतात.

"लागला काय वं?"

वर्षा नीट ऐकते. मग त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगते, "नाही, आबाजी. अजून नाही."