सलीम म्हणजे सुखरूप

बसऱ्याचे पंडित इब्न सुहैम आमच्या तांड्यावर शब्द गोळा करायला आले. शहरात अरबी भाषा बाटलीय, खरी म्हणे आम्हा वाळवंटातल्या अडाण्यांच्याच तोंडी. म्हणून महिनाभर आमच्या तंबूत बसून आमचंच दूध ढोसत होते. उंटीण शिंकली तरी त्याला काय म्हणता ते विचारायचे, लिहून घ्यायचे आणि वर आमचेच उच्चार सुधारायचे.

एका दुपारी विहिरीवर माझ्या नवऱ्याला, मुखारिकला, पान लागलं. पोटरीवर दोन ठिपके. विष उतरवणारी म्हातारी दोन टेकड्यांपलीकडे राहायची आणि आमचे उंट चरायला लांब गेलेले. तांड्यावर उरली होती फक्त पंडितांची सांडणी.

मी धावत गेले. "अहो शेख, सांडणी द्या! मुखारिक सलीम झालाय!"

आमच्यात साप चावलेल्याला 'चावला' म्हणत नाहीत. सलीम म्हणतात, म्हणजे सुखरूप. वाईट शब्द तोंडातून गेला की विष चढतं. आमचं शेंबडं पोरही हे जाणतं.

पंडितांनी लेखणीसुद्धा खाली ठेवली नाही. "अल्लाची कृपा! सुखरूप आहे, तर बोंबलतेस कशाला?"

"तसं नव्हे हो! सलीम!"

"बाई, तीस वर्षं शिकवतोय हा शब्द. सलीम म्हणजे धडधाकट."

"पाय काळा पडलाय त्याचा!"

"मग तो सलीम नाही," पंडित खूश होऊन म्हणाले.

शेवटी मी जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "चावलाय! साप चावलाय त्याला!"

तेव्हा उठले. सांडणीकडे जातील असं वाटलं, पण गेले ते दौत घेऊन मुखारिकपाशी. त्याला झोप लागू नये म्हणून बायकांनी आपले पैंजण, बांगड्या त्याच्या अंगावर बांधल्या होत्या. त्या खुळखुळाटात पंडितांनी विचारलं, "विंचू चावला तरी सलीमच म्हणता का रे?"

मुखारिक दात आवळून म्हणाला, "विंचू आणतो, हात पुढे करा. मग सांगतो."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

न विचारताच मी सांडणी सोडली आणि दिराला पिटाळलं. म्हातारी पोचली तेव्हा सूर्य मावळला होता. मुखारिक गेला होता. दफन उरकल्यावर पंडित मला म्हणाले, "सांडणी लंगडतेय माझी."

पुढल्या वसंतात तूप विकायला मी बसऱ्याच्या बाजारात गेले. तिथे पंडित चेल्यांच्या घोळक्यात सांगत होते, "सलीम म्हणजे साप चावलेला. हा शब्दप्रयोग मी स्वतः एका शुद्ध अरबाच्या तोंडून ऐकलाय."

एका चेल्यानं विचारलं, "मग ज्याला चावला, तो वाचला का?"

"कोण?" पंडित म्हणाले.

मी घोळक्यात घुसले. "माझा नवरा. मुखारिक नाव त्याचं. आणि ऐकलंत ते माझ्या तोंडून. तुम्हाला अर्थ कळेपर्यंत तो माणूस संपत आला होता."

चेले एकमेकांकडे बघायला लागले. एकानं लेखणी खाली ठेवली. पंडितांचे कान लाल झाले, पण जीभ शाबूत होती. "घ्या, पुढचा शब्द लिहा."

मी तुपाचा बुधला उचलला आणि विकायला बसले.