आमचे खड्डे वापस द्या!

रुआबांध्यातला तो रस्ता व्हावा म्हणून सगळ्यांत जास्त कोण भांडलं असेल, तर रुक्मा. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, दारात जाऊन बसायची आणि तो जेवायला बसला तरी हलायची नाही. "हो जाएगा मौसी, हो जाएगा," तो म्हणायचा. मग ही आपल्या हिंदीत त्याला सुनवायची, "कब होगा? मेरा आदमी गाडी के नीचे आने के बाद?"

तिचं भांडण उगाच नव्हतं. नवरा टिकाराम स्टील प्लांटमधून रिटायर झाला आणि पाठोपाठ काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. तरी गडी घरात बसेल तर शपथ! रोज संध्याकाळी काठी घेऊन निघायचा तो वळणापलीकडच्या रामाजीच्या चहाच्या टपरीवर. तिथं त्याच्यासारखे रिटायर झालेले लोक जमायचे. जयभीम व्हायचा, कुणी पेपर वाचून दाखवायचं, हा त्यावर वाद घालायचा आणि ताजातवाना होऊन परतायचा. कुणी हात धरलेला मात्र त्याला खपत नसे. "मी काय लहान पोट्टा आहो काय?" म्हणायचा. इकडे रुक्माचा जीव टांगणीला लागलेला असायचा. स्कूटरवाले खड्डे चुकवता चुकवता त्याच्या अंगावरच यायचे.

शेवटी एकदाचं काम निघालं. जेसीबी आला, जुना उखडलेला थर खरवडून नेला. खाली मुरूम पडला, त्यावर पाणी मारून रोलर फिरला, मग गिट्टी, पुन्हा रोलर, पातळ डांबराचा फवारा आणि वर वाफाळणारा काळा माल. रुक्माला तर दारात लग्नाचा मांडव पडल्यासारखं झालं होतं. मजुरांना माठातलं पाणी काय, ताक काय! टिकारामला खाटेवर बसवून ती सगळं सांगत राहायची. "आता पाहा, कसा आरशासारखा होते रस्ता!" तो नुसता हं हं करायचा.

रस्ता सुरू झाला त्या संध्याकाळी तो निघाला आणि बराच वेळ झाला तरी परत येईना. रुक्मा धावत बाहेर आली. फार लांब नव्हता तो. रस्त्याच्या अगदी मध्ये उभा होता, काठी इकडे तिकडे फिरवत, आणि मागं एक स्कूटरवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आपलं घर कोणत्या बाजूला आहे तेही त्याला कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं काठी दाराआड ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेर गेला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रामाजीनं निरोप पाठवला, तरी नाही.

"अवो, झालं काय तुमाले? रस्ता तर किती गुळगुळीत झाला," रुक्मा म्हणाली.

"म्हनूनच तं," तो म्हणाला, आणि मग हळूहळू त्यानं सांगितलं. तो खड्ड्यांच्या खुणांवरून वाट ओळखायचा. घराच्या फाटकापुढं एक उथळ खड्डा, पुढं जोडीनं दोन, त्यांना तो जुळे म्हणायचा. मग वळणावरचा जावई. दरवर्षी बुजवला तरी पाऊस सरला की पुन्हा येऊन बसायचा, म्हणून जावई. जावई लागला की उजवीकडे वळायचं, की रामाजीच्या चहाचा वास यायचा. आता काठी कुठंही टेकवा, सगळीकडे सारखंच. कडेनं जावं तर उघडी नाली.

"मंग काम चालू होतं तवाच कावून नाही बोलले?"

"तू किती खुश होती वो रुक्मा. कसं बोलू?"

रुक्मा स्वयंपाकघरात गेली आणि तोंडाला पदर लावून रडली. आपणच भांडून भांडून आपल्या माणसाची वाट बुजवली, हे तिच्या काळजात सुरीसारखं रुतलं.

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. काम आता पुढच्या चौकात सरकलं होतं. ती तडक तिथं गेली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "कोन आहे इथला साहेब? आमचे खड्डे वापस द्या!"

मजूर हसायला लागले. साहेब म्हणून जी पुढं आली ती हेल्मेट घातलेली एक तरुण इंजिनीयर होती, मोनाली, नागपूरकडची. या हिंदी मुलखात मराठी ऐकून आधीच तिचा चेहरा खुलला होता. "काकू, लोक खड्डे बुजवा म्हणून भांडतात, तुमचं उलटंच!"

"हस बाई, हस," रुक्मा म्हणाली, आणि तिनं टिकारामचं सगळं सांगितलं. मोनालीचं हसू मावळलं. तिनं रुक्माला सावलीत बसवलं.

"काकू, खड्डा नाही देता येत. खड्ड्यात पाणी थांबते, ते आत मुरते, खालचा थर भिजून पोचट होते आणि वरून गाडी गेली की रस्ता खचते. म्हणून आम्ही पाणी थांबूच देत नाही. रस्ता सपाट दिसते, पण नसते. मधे उंच आणि दोन्ही अंगांना उतार, पाणी नालीत जावं म्हणून. तुम्ही डाव्या बाजूनं चाललात तर डावा पाय जरासा खाली पडते. दोन्ही पाय सारखे पडले, तर समजा मधोमध आलात. आणि वळणावर अख्खा रस्ता आतल्या अंगाला झुकवतो, गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून."

"डोळ्यांनी तर काई दिसत नाही मले."

"डोळ्यांनी मलाही दिसत नाही. पायांनी पाहा."

रुक्मानं तिथल्या तिथं पदर डोळ्यांवर ओढला आणि नव्या रस्त्यावर चालायला लागली. येणारे जाणारे बघत होते. एक पोरगं म्हणालं, "अम्मा पगला गई क्या?" तिला त्याची फिकीर नव्हती. पहिल्यांदा ती नालीकडे गेली, मोनालीनं दंड धरून मागं ओढलं. मग मधोमध आली. पुन्हा चालली, पुन्हा चालली. आणि मग एकदम कळलं पायाला! डावा पाय कणभर खाली. "माय वो!" रुक्मा ओरडली.

टिकारामला पटवायला मात्र दोन दिवस गेले. आधी रुसला, मग चिडला, मग फाटकापुढं पाच पावलं चालून पाहिली. शेवटी एका संध्याकाळी त्यानं दाराआडची काठी मागितली.

"मी एकटाच जाईन. तू मांगं यायचं नाही."

"मी कायले येतो? मी घरीच आहो, पोळ्या टाकतो."

तो फाटकाबाहेर पडला आणि रुक्मानं गॅस बंद केला. चपलांचा आवाज नको म्हणून त्या हातात घेतल्या. दिवसभराच्या उन्हानं डांबर अजून तापलेलं होतं, तळवे चुरचुर भाजत होते. पुढं टिकाराम एकेक पाऊल तोलून टाकत होता. मध्येच तो नालीकडे झुकला. रुक्माच्या तोंडून हाक निघणारच होती, ती तिनं गिळली. तो थांबला, दोन्ही पाय दाबून पाहिले आणि उजवीकडे सरकला. वळणावर बराच वेळ उभा राहिला, मग वळला.

"आले! भाऊ आले!" टपरीवरून रामाजी ओरडला. सगळे उठून उभे राहिले. रुक्मा विजेच्या डब्याआड लपून डोळे पुसत होती.

टिकाराम बाकावर टेकला. घामानं ओला झाला होता, पण चेहरा बघण्यासारखा होता. "रामाजी, दोन चहा दे."

"दुसरा कोनाले, भाऊ?"

"रुक्माले. असन इथंच कुठंतरी लपून."

आता लपण्यात काय अर्थ? रुक्मा चपला हातात घेऊनच पुढं आली. "तुमाले कसं कळलं? पायाचा आवाजही नाही येऊ दिला मी."

"आवाज कुठं आला?" टिकाराम म्हणाला. "पन तू मले एकटं सोडनारी आहे काय?"

रामाजीनं बाकावर जागा करून दिली. रुक्मा त्या टपरीवर कधी बसली नव्हती. त्या दिवशी बसली, त्याच्या अगदी शेजारी.